कुणाला शिफ्ट बदलून हवी आहे?

फर्निचरच्या कारखान्यात सकाळची शिफ्ट सुटताना आणि दुपारची सुरू होताना दोन्हीकडची पोरं थोडा वेळ एकत्र चहा पितात. मिस्त्रींनी मुद्दाम तेव्हाच विचारलं, "पुढच्या महिन्यापासून कुणाला शिफ्ट बदलून हवी आहे?"

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं.

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. दुपारच्या शिफ्टमधला लंबू परवाच त्यांच्या कानाशी कुजबुजून गेला होता. त्याच्या बायकोला दवाखान्यात संध्याकाळची नोकरी मिळत होती आणि होकार आजच कळवायचा होता. लंबूला सकाळची शिफ्ट मिळाली, तर संध्याकाळी बाळाला तो सांभाळणार. आणि सकाळच्या शिफ्टमधला पैलवान? त्याला नेमकी दुपारची हवी होती. त्याची बायको पहाटेच कामावर जायची, पोरीला आवरून शाळेत धाडायचं काम त्याच्याकडे. दोघांनीही वेगवेगळं येऊन मिस्त्रींना शपथ घातली होती, "पोरांना सांगू नका हं. हसतील."

"लंबू, तुझं काय?"

"आपलं मस्त चाललंय."

"पैलवान?"

"सकाळचीच बरी. उठायचं, यायचं, संपलं."

"बायको डबा हातात देऊन ढकलते, म्हणून येतो!" चश्मिस मध्येच पचकला. सगळ्यात मोठ्यानं लंबू हसला, त्याच्याखालोखाल पैलवान.

मिस्त्रींनी कितीतरी पोरांना रंधा धरायला शिकवलं होतं. चुकलं तर पुन्हा दाखवायचं, आवाज चढवायचा नाही. आज मात्र शिवी अगदी ओठांवर आली.

तेवढ्यात लंबूचा फोन वाजला.

"हं, बोल... नाही गं. नाही जमत. नको म्हणून कळवून टाक." मग तो फोन कानाला लावून नुसताच उभा राहिला. "अगं, बोल ना काहीतरी... थांब. ठेवू नकोस."

फोन छातीशी दाबून तो एका दमात म्हणाला, "पैलवान, मला तुझी सकाळची दे. बायको नोकरीला लागतेय, बाळाला मी बघणार. हसायचं तर हसून घ्या."

"अरे गाढवा, आधी नाही का बोलायचं? मी रोज पोरीच्या वेण्या घालून धापा टाकत येतो! घे सकाळची, घे!"

"तुला वेण्या येतात?" चश्मिस पुढे सरकला. "मी घातलेल्या शाळेत पोचेस्तोवर सुटतात रे. दाखव ना एकदा."

लंबू फोनमध्ये ओरडत होता, "हो म्हण! आत्ताच हो म्हण!"

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पैलवानानं आवाज खाली आणला. "पण पलीकडच्या पॉलिशवाल्यांना कळू द्यायचं नाही. ती पोरं वाईट. जन्मभर चिडवतील."

"छे, त्यांना कशाला!" लंबू आणि चश्मिस एकदम म्हणाले.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. कालच एक पॉलिशवाला त्यांना बाजूला घेऊन अशीच शपथ घालून गेला होता.

"ए पॉलिशवाल्यांनो!" ते कडाडले. "आपापले कप घ्या आणि इकडे या. सगळेच्या सगळे या!"