हसीनाच्या डंक्याची दोन कर्जं

मी डंका बोलतोय, मिरची कुटायचं विजेवरचं यंत्र. एका कर्जाने मला घरात आणलं आणि दुसऱ्याने उचलून नेलं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

अहमदपूरला मी हसीनाच्या दारात उतरलो. तिचा नवरा जिलानी गावोगाव बांगड्या विकायचा. मी येण्याच्या आधी, त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा तो किल्लारीकडच्या एका गावात मुक्कामाला होता. ढिगाऱ्यातून तो जिवंत निघालाच नाही. हसीनाच्या कडेवर तेव्हा वर्षाची लायबा होती.

पुढे गल्लीतल्या बायकांनी बचत गट काढला. प्रमुख होती केवळाबाई, शेतकऱ्याघरची, बोलायला फटकळ. हसीनाने माझ्यासाठी कर्ज मागितलं, तर तिने सगळ्यांसमोर उलटतपासणीच घेतली. मिरची कुठून आणणार, गिऱ्हाईक कोण, लाइट गेली तर काय करणार. शेवटी म्हणाली, "घे. पन डंका बंद पडला तर पयलं मला सांगायचं."

मी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून कमवू लागलो. उन्हाळ्यात दारात रांग लागायची. ठसका लागून बाया खोकायच्या, शिंकायच्या, तरी गप्पा थांबायच्या नाहीत. हसीनाने कर्ज फेडलं, दोघींना कामाला ठेवलं. तेच पैसे गटातून फिरले. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी भांड्याचं दुकान टाकलं. कर्ज म्हणजे हेच, अशी माझी भोळी समजूत झाली.

लायबा दहावीला तालुक्यात पहिली आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे लातूरचे क्लास. तेवढी फी गटाच्या आवाक्यात नव्हती. बँकेने सातबारा मागितला. हसीनाकडे जमीन कुठली? मग एक फायनान्सवाला स्वतःहून घरी आला. त्याने काहीच विचारलं नाही. चहा पिईपर्यंत सह्या झाल्या, आणि तारण म्हणून कागदावर मी चढलो.

केवळाबाई हसीनाला म्हणाली, "डंका दुसऱ्या दिशी कमवतो. पोरीला कमवायला धा वर्सं लागतील. हप्ता थांबल का तवर?"

"थांबणार न्हाई, खरंय," हसीना म्हणाली. "पन पोरीचं वय तरी कुठं थांबतंय?"

लायबा लातूरला गेली आणि त्याच वर्षी दुकानादुकानांत तिखटाची पाकिटं लटकली आणि माझ्यापुढची रांग आटली. तीन हप्ते चुकले. फायनान्सवाल्याची माणसं आली, त्यांनी मला टेम्पोत घातलं. हसीना माझ्या पट्ट्यावर हात ठेवून उभी होती. तो हात त्यांनी बाजूला केला.

लिलावात लातूरच्या एका मेसवाल्याने मला घेतलं. चालवायला जाणती बाई हवी म्हणून त्याने चौकशी केली. पहिल्या सकाळी अहमदपूरहून एसटीने रोजंदारीवर आली ती हसीना. लिलावाच्या पैशांत कर्ज पुरतं फिटलं नव्हतं, उरलेले हप्ते तिच्याच मानेवर होते. आपल्याच डंक्यावर ती मजूर झाली, आणि लेकीला मात्र अहमदपूरला सगळं ठीक आहे म्हणून सांगत राहिली.

काल लायबा जेवायला नव्या मेसमध्ये आली, ती नेमकी इथेच. हात धुवायला मागच्या बाजूला गेली आणि दारातच थांबली.

"अम्मी? आन् हा तर आपला डंका."

"आपला होता."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुझी परीक्षा हाय."

लायबा रडू लागली. हसीनाने बटण दाबलं. माझी मुसळं धाडधाड आपटू लागली, म्हणून लेकीचं रडणं पुढे जेवणाऱ्या पोरींना ऐकू गेलं नाही.

कर्ज देणाऱ्यांनो, लेकरांच्या शिक्षणाला जरूर द्या. पण त्यांचं शिकून होईपर्यंत थांबा. तोवर आईच्या हातातलं काम उचलून नेऊ नका.