बेडक्याला पाणी दाखवलं

अक्कलकोटच्या अलीकडं डांबरी सोडून आत वळलं की चिमाबाईची वस्ती. चाळीस मेंढरं, दहा शेळ्या, नवरा आण्णा, एकुलता लेक कुमार, आणि सून सिद्धेश्वरी, कानडी मुलखातली. शिवाय बेडक्या. काळं कुत्रं, सुनेनं तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन येताना पिशवीत घालून आणलेलं.

बेडक्याला पाण्याचं वेड. सकाळी लाईट येऊन बोअरची मोटर गुरगुरली की तो असेल तिथनं पळत यायचा. पायपातनं धार सुटली की तोंड वासून तिच्यावर झडप. पाणी दातात सापडत नसतं, हे काही त्याला कळलं नाही. चावायचा, ठसकायचा, परत चावायचा. सून पायप उंच धरून "बारो, बारो" म्हणून आपल्या कानडीत बोलवायची. तो हवेत उडी घेऊन धार तोंडात झेलायचा आणि तसाच मेंढरांच्या हौदात धबकन जायचा. सून पोट धरून हसायची.

ते हसू चिमाबाईला खुपायचं. ह्याच घरासाठी तिनं पंधरा वर्षं दीड कोसावरनं डोक्यावर घागरी वाहिल्या होत्या, आणि ही कालची पोरगी कुत्र्याला पाणी खेळवते. चिमाबाईला कानडी सगळं कळायचं. शेजार निम्मा कानडीच. पण सुनेचा शब्द आपल्या तोंडात घ्यायचा नाही म्हणजे नाही.

मग एकदा विहीण मुक्कामाला आली. चिमाबाई ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून ओट्यावर ऐटीत बसली, आपल्या माहेरच्या दोन विहिरींचं सांगत. बेडक्या हौदातनं निघाला तो थेट तिच्यापुढं आला आणि त्यानं अंग झाडलं. शेवाळ, चिखल, लेंड्या, सगळं लुगड्यावर.

"घ्या. घरबसल्या आंघोळ झाली की तुमची," विहीण म्हणाली. आण्णासुद्धा हसला.

चिमाबाई उठून लुगडं बदलायला आत गेली. ती बोलली नाही की घरानं भ्यावं, पण त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक मेंढरं घेऊन गेले, सून आईला एसटीत बसवायला फाट्यावर आणि तिथनंच बाजाराला गेली. चुलीवर आंघोळीचं पाणी खदखदत होतं. चिमाबाईनं तांब्या बुडवून भरला, पदरात धरला आणि अंगणात आली.

"बारो," ती म्हणाली. "बारो, बारो."

बेडक्यानं कान टवकारले. आज म्हातारीसुद्धा खेळायला बोलावते म्हटल्यावर शेपूट कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं त्याला. धावत आला, उडी घेतली आणि नेहमीसारखं तोंड वासलं. तिनं धार नेमकी तोंडात सोडली. उरलेलं छातीवर.

तो ओरडला ते माणसासारखं. मग गव्हाणीखाली जाऊन बसला. चिमाबाईनं तांब्या घासून पालथा घातला.

दिवस कलताना मेंढरं परत आली, सूनही आली. बेडक्याच्या तोंडातनं तार लागली होती, लाळेची. भाकरी टाकली, शिवला नाही. काळ्या केसांखाली काय झालंय ते कुणाला दिसत नव्हतं. कुमारनं त्याला ओढून काढायला छातीखाली हात घातला आणि तो कडकडून चावला. तळहातातनं रक्त आलं.

शेजारचा संगप्पा पहार घेऊनच आला. "लाळ बगा की. पिसाळलंय ते."

"न्हाय ओ काका," सून म्हणाली. "पिसाळल्यालं पाण्याला भितंय म्हणत्यात न्हवं? मग दाखवा की पाणी. आमचा बेडक्या भिईल व्हय पाण्याला?"

तीच आत पळाली, तांब्या भरून आणला, गव्हाणीपुढं बसली. "बारो, बारो," ती लाडानं म्हणाली आणि बारीक धार सोडली.

बेडक्या किंचाळला. मागं सरकून भिंतीला चिकटला, जागच्या जागी मुतला, दात काढून धारेकडं बघत थरथरू लागला.

"झालं?" संगप्पा म्हणाला.

आण्णानं बायकोकडं वळून विचारलं, "तू दिसभर घरात हुतीस. ह्याला काय झालं-बिलं हुतं का गं?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. सून तर अशी बघत होती की कुत्र्याचा जीव आता म्हातारीच्या जिभेवरच आहे. होताच. पण भाजलं म्हणून सांगायचं तर कसं भाजलं तेही सांगावं लागणार, आणि कुठला शब्द घालून बोलावलं तेही.

"सकाळपासनं असंच करतंय," चिमाबाई म्हणाली. "म्हटलं, तुमचं तुमाला दिसंल."

संगप्पाचा पहिला घाव खांद्यावर बसला. चौथ्याला आवाज बंद झाला. सिद्धेश्वरीच्या हातात तांब्या तसाच होता.

"मीच दाखवलं की ओ पाणी," ती म्हणाली.

"व्हय," चिमाबाई म्हणाली. "तूच दाखवलंस."

कुमारनं दवाखान्यात सगळी इंजेक्शनं घेतली. डॉक्टर म्हणाले, आता भ्यायचं कारण नाही. पण संगप्पा एकदा बोलून गेला, कुठल्याशा गावात एकाला कुत्र्याचं विष सहा महिन्यांनी उमळलं म्हणे. तेव्हापासनं हा सहा फुटी गडी खंगत चालला. रोज सकाळी तांब्या हातात घेऊन पाण्याकडं बघत बसायचा, आपल्याला भीती वाटते का ते पाहायला. आणि पाहिलं की वाटायचीच.

कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, एवढं एक वाक्य. पोरगा भाकरी खाऊन मेंढरांमागं गेला असता. ते चिमाबाईच्या ओठावर दोनदा आलं. दोन्ही वेळा सून जवळ होती.

आजही होती. दारात उभी राहून नवऱ्याच्या गळ्याकडं बघत होती, घोट उतरतो का ते.

"आई, उतरंना गं खाली," कुमार म्हणाला. तांब्या त्यानं ओठापासनं दूर धरला.

चिमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली. लेकाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं.

"नाटकं करू नगं," ती म्हणाली. "डोळं मिट आन पी."

त्यानं डोळे मिटले. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.