पाचवी पायरी

गणित विभागाच्या सभागृहात ताईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आजूबाजूला चाळीसेक माणसं, सगळी शिकलेली. ताईंचं गणित मापाच्या टेपपुरतं. सत्तरीला आलेल्या ताईंनी जन्मभर कोट शिवले, बाह्या आखूड केल्या, कमरा सैल केल्या. त्यापलीकडचं सगळं धाकट्या भावावर सोडलं होतं. तो भाऊ दोन महिन्यांपूर्वी, कामाला निघालेला असताना, बसथांब्यावर छातीत कळ येऊन गेला.

इथे त्याला सगळे सर म्हणत. ताईंच्या तोंडी मात्र बावन्नाव्या वर्षीही तो छोट्याच. आईमागे त्यांनीच त्याला वाढवलेला.

आजचं व्याख्यान त्याच्याच शेवटच्या कामावर होतं, आणि ते देत होती त्याची जुनी विद्यार्थिनी, आता इथेच प्राध्यापक झालेली. तिनं फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. एक आकार न फाडता, न चिकटवता दुसऱ्या आकारात बदलता येतो, हे सिद्ध करायला सरांनी पाच पायऱ्या योजल्या होत्या, एवढं ताईंच्या कानी पडलं. चौथी पायरी संपली तेव्हा मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. ताईंचा ऊर भरून आला.

मग तिनं खडू ठेवला आणि पडद्यावर सरांच्या वहीचं एक पान दाखवलं. छोट्याचं तेच तिरकं, घाईचं अक्षर: 'पाचवी पायरी सोपी आहे. काल ताईला सांगितली.' त्याखाली काहीच नव्हतं.

सभागृहात हसू फुटलं आणि लगेच विरलं.

"ताई," विद्यार्थिनी म्हणाली, "आम्ही सहा जण या एका ओळीवर डोकं फोडतोय. म्हटलं, हे सगळं समोर पाहून तुम्हाला काही आठवलं तर... काय सांगितलं होतं त्यांनी?"

चाळीस माना वळल्या.

काहीच आठवत नव्हतं असं नाही. तिथेच तर घोळ होता. तो गेला त्याच्या आदल्या दिवशीची, बुधवारची संध्याकाळ. ताई गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होत्या, ओठांत टाचण्या. छोट्या आला आणि म्हणाला, "ताई, दे जरा इकडे." कोट उलटा होता. अस्तराच्या शिवणीत वीतभर जागा मोकळी ठेवलेली असते, तिच्यातून अख्खा कोट बाहेर ओढून सुलटा करायचा. छोट्यानं त्या जागेतून हात घातला आणि कोट ओढता ओढता भराभर बोलत सुटला. शेवटी म्हणाला, "झालं! बघ ताई, झालं!" ताईंचं लक्ष शिवणीवर. गिऱ्हाईक सहाला येणार होतं. टाचण्यांमधून त्या दोनदा 'हं' म्हणाल्या, आणि मग, "उसवशील मेल्या, ठेव ते!"

ताईंनी हे जसंच्या तसं सांगितलं. 'मेल्या' तेवढं गाळलं.

सभागृहात एकदम चुळबुळ सुरू झाली. एका वृद्ध प्राध्यापकांनी आपला कोट काढून टेबलावर टाकला. "करून दाखवा."

"अस्तर उसवावं लागेल."

"उसवा!"

कार्यालयातून कात्री आली. ताईंनी वीतभर शिवण उसवली, कोट ओढून उलटा केला, मग सुलटा. सगळ्यांनी गराडा घातला.

"कुठे धरलं होतं त्यांनी? बाहीला की कॉलरला?"

"दोन्ही बाह्या एकदम ओढल्या?"

"पीळ, असं काही म्हणाले का?"

"नाही आठवत हो," ताई म्हणाल्या. पुन्हा ओढला, तरी नाही. चौथ्यांदा ओढून त्यांनी कोट टेबलावर ठेवला. कुणीतरी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, बघितल्या आणि तळहातानं पुसून टाकल्या.

"पण तुम्ही त्यांना उलटून काहीच विचारलं नाही?" एका तरुणानं अगदी सरळ मनानं विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "मी 'हं' म्हटलं."

माणसं हळूहळू पांगली. ताईंनी सुईदोरा मागितला. उसवलेलं निदान नीट करून द्यावं म्हणून. शोधाशोध झाली, पण त्या एवढ्या इमारतीत सुई निघाली नाही. "राहू द्या हो," म्हणत म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तो कोट तसाच अंगात घातला.

त्यानंतर काही दिवस फोन येत राहिले. सरांनी बोटानं हवेत काही काढलं होतं का? 'आधी' म्हणाले की 'शेवटी'? ताई काम थांबवून डोळे मिटून बसत. डोळ्यांपुढे छोट्याचे हलणारे ओठ स्पष्ट दिसत, आवाज मात्र येत नसे. दुकानात आताशा कुणीही बोलायला लागलं की त्या आधी तोंडातल्या टाचण्या काढत आणि म्हणत, "हां, बोला." गिऱ्हाइकांना नवल वाटे.

शेवटचा फोन विद्यार्थिनीचा होता. "ताई, आम्ही थांबतोय. चार पायऱ्या त्यांच्या नावानं छापू. पाचवी मोकळी ठेवून."

"कुणाला तरी सुचेल ना गं पुढचं?"

"सुचेल की. दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी. कधीतरी नक्की."

"मग मला कळवशील?"

"हो ना, ताई, कळवीन," ती म्हणाली. पण जरा उशिरानं.