फ्लोराबाईंच्या डोळ्यातले थेंब

फ्लोराबाई नवगावकरांच्या पोटात दोन वर्षांपासून त्यांच्या थोरल्या भावाची किडनी सुखाने नांदत होती. येहेझकेलभाऊ दर शुक्रवारी इस्राएलमधल्या किर्यात मलाखी गावातल्या त्यांच्या घरी यायचे आणि बहिणीची विचारपूस करण्याआधी विचारायचे, "काय गं, माझी कशी आहे?"

"मजेत आहे. तुझ्यासारखी कुरकुर करत नाही."

शरीराने या पाहुणीला हाकलून लावू नये म्हणून फ्लोराबाई रोज गोळ्या घेत. त्या गोळ्यांनी अंगातले पहारेकरी पेंगुळलेले राहत. पण ऐंशी सालच्या पेसाहच्या सणानंतर त्यांचा उजवा डोळा लालभडक झाला. वाळू गेल्यासारखा खुपायला लागला, उजेड सोसेना. शिलाईच्या कारखान्यात सुईत दोरा जाईना. गावातल्या दवाखान्याचे थेंब पंधरा दिवस घालून झाले, तरी दुखणं वाढतच गेलं. शेवटी त्यांना यरुशलेमच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

सोबत मुलगी रोनित होती, सतरा वर्षांची. फ्लोराबाईंचं हिब्रू भाजीबाजारापुरतं, म्हणून दुभाषी तीच.

डॉक्टर अदिनांनी डोळ्यात पिवळा रंग घातला आणि निळ्या उजेडात पाहिलं, तशी जखम हिरवी चमकली. "बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम आहे. हर्पीसचा विषाणू."

"मग गोळ्या थांबवू?"

"थांबवल्यात तर किडनी जाईल."

"ती माझी असती तर गोष्ट वेगळी. भावाला काय तोंड दाखवू?"

अदिनांनी नीट समजावून सांगितलं. विषाणू एखाद्या पेशीत शिरला, की ती पेशी मरता मरता एक रसायन सोडते, इंटरफेरॉन. त्याने शेजारच्या पेशींना निरोप पोचतो, की दारं लावून घ्या. फ्लोराबाईंच्या गोळ्यांनी ही हाकच बारीक झाली होती. "ती हाक आपण बाहेरून, थेंबांतून देऊन बघू. या थेंबांची आम्ही अजून चाचणी घेतो आहोत. गुण येईलच असं वचन देत नाही."

"आई, ती पेशी मरते, पण शेजाऱ्यांना ओरडून सांगते," रोनितने आपल्या परीने भाषांतर केलं.

"आमच्या कोकणात, नवगावात अस्संच! चोर शिरला की अख्खी आळी उठायची," फ्लोराबाई खूश झाल्या. "विचार, थेंब कशाचे करतात? डुकराबिकराचं काही नाही ना त्यात?"

रोनितने विचारलं. अदिनांनी उत्तर दिलं. रोनितचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?"

"माणसाच्या पेशींपासून."

"कुठल्या माणसाच्या?"

"लहान बाळाच्या."

"अगं, बाळाच्या कुठल्या पेशी?"

रोनितने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि हिब्रूत पुटपुटली, "ब्रीत मिला."

मग फ्लोराबाई अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुंतेची कातडी?"

"आई, हळू!"

पण खरंच होतं ते. बाळाच्या आठव्या दिवशी सुंता करणारा मोहेल कापतो तो तुकडा. त्यातल्या पेशी बाटल्यांत वाढवतात आणि विषाणूने डिवचल्या की त्या इंटरफेरॉन सोडतात. अदिना गंभीरपणे हे सांगत होत्या आणि फ्लोराबाईंच्या दुखऱ्या डोळ्यातून हसून हसून पाणी वाहत होतं.

"अगं, सांग त्यांना! मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलले होते. आणि सुंतेला त्या पैगंबराची रिकामी खुर्ची मांडतातच ना? म्हणजे माझं औषध कापलं तेव्हा तो समोरच बसला होता!"

रोनितने कसंबसं सांगितलं. अदिनांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

डोळा बधिर करून त्यांनी जखमेच्या कडा कापसाच्या बोळ्याने पुसून काढल्या. मग थेंब सुरू झाले. येहेझकेलभाऊ भेटायला आले, सगळं ऐकून दाढी कुरवाळू लागले.

"माझी किडनी, कुणाच्या बाळाची कातडी. तुझं स्वतःचं काय उरलं गं?"

"जीभ."

चौथ्या दिवशी मात्र दुखणं इतकं वाढलं, की जीभही गप्प झाली. फ्लोराबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. भाऊ पलंगाशी बसून स्तोत्रं म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी किडनीची चौकशी केली नाही, नुसता बहिणीचा हात धरून ठेवला. सहाव्या दिवशी खुपणं कमी झालं. दहाव्या दिवशी अदिनांनी निळा उजेड लावला, पुन्हा लावला, मग नर्सला बोलावून दाखवलं. हिरवी फांदी नाहीशी झाली होती. पुसट डाग तेवढा राहील म्हणाल्या. फ्लोराबाईंनी त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि दारातल्या पहारेकऱ्याचाही घ्यायला निघाल्या, रोनितने आवरलं म्हणून बरं.

परतीच्या बसमध्ये त्या बसेचनात. डावा डोळा तळव्याने झाकून उजव्याने रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागल्या. हिब्रू अक्षरं अडायची, पण मुंबईच्या शाळेतलं इंग्रजी पाठीशी होतं.

"बाई, बसा की," चालक योएल म्हणाला.

"दहा दिवस झोपून होते. आता कशाला बसू?"

मग सगळी बस परीक्षा घ्यायला लागली. ते काय? ट्रॅक्टर! हे काय? जैतुनाचं झाड! उतारावर एका म्हाताऱ्याने लांब टेकडीकडे बोट केलं.

"उंट!"

ती पाण्याची टाकी होती. हास्याचा स्फोट झाला. इतका वेळ सीटमध्ये तोंड लपवून बसलेली रोनितही खदाखदा हसत सुटली. फ्लोराबाईंनी जोरजोरात पापण्या मिचकावल्या आणि पुन्हा टक लावली.

"टाकी तर टाकी. पण तिच्यावर कबुतर बसलंय."

योएलने बसचा वेग कमी केला. सगळे खिडक्यांना नाकं लावून बघू लागले. कबुतर होतं.