लेखनिकाची खुर्ची

वसतिगृहात तिला सगळे वकीलबाई म्हणत. कायद्याशी तिचा काही संबंध नव्हता, ती इतिहास शिकत होती. पण जेवणाच्या रांगेपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत कशावरूनही ती भांडू शकत असे आणि बहुतेक वेळा जिंकतही असे. अकराव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. भांडायची खोड मात्र त्याआधीपासूनची, असं तिचे शिंपीकाम करणारे बाबा सांगायचे.

आज शेवटचा पेपर होता. हा सुटला की पदवी, आणि पदवी हातात पडली की एका शाळेत शिक्षिकेची नोकरी. तिथल्या मुख्याध्यापिकेने जागा धरून ठेवली होती, पण याच निकालापर्यंत. त्यापुढे थांबता येणार नाही, असं तिने स्वच्छ सांगून टाकलं होतं.

तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत वकीलबाई पावणेदहालाच येऊन बसली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि दाराशी पर्यवेक्षक सर. शेजारची खुर्ची लेखनिकाची. तिने उत्तर सांगायचं, लेखनिकाने ते जसंच्या तसं उतरवायचं. त्यालाही शंभर नियम. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, दुसऱ्या विषयाचा हवा, त्याचं नाव आणि फोटो आठ दिवस आधी द्यायला हवा. ऐन वेळी बदलायचा झाला तर परीक्षा नियंत्रकांची सही हवी.

तिची लेखनिक पहिल्या वर्षाला विज्ञान शिकणारी एक मुलगी. आवाज बारीक, म्हणून चिमणी. चार पेपर दोघींनी मिळून काढले होते. वकीलबाईने सनावळी सांगितली की चिमणी आधी पुटपुटून बघे, मग लिही. ते पुटपुटणं ऐकलं की वकीलबाईला पुढचं वाक्य सुचायचं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं ती स्वतःच हसत हसत म्हणायची.

दहाची घंटा झाली. प्रश्नपत्रिका टेबलावर आली. खुर्ची रिकामीच.

"येईल," वकीलबाई म्हणाली. "ती कधी उशीर करत नाही."

बाहेरच्या मैदानावर कर्णा ठणाणत होता. समावेशन सप्ताहाचा समारोप होता. आठवडाभर विद्यापीठात दिव्यांगांविषयी जाणीव जागवण्याचं काम जोरात चाललं होतं. धडधाकट मुलंमुली डोळ्यांना पट्टी बांधून, हातात काठी घेऊन मैदानाला फेरी मारत आणि दहा मिनिटांनी पट्टी सोडून रडत. किती कठीण आहे, किती कठीण आहे! वकीलबाईला त्या रडण्याचा मनापासून राग यायचा. आंधळेपण अंगवळणी पडतं. ग्रंथालयाच्या जिन्याला कठडा नसणं अंगवळणी पडत नाही, आणि त्यासाठी ती दोन वर्षं अर्ज करत होती.

सव्वादहा झाले. सरांनी नियंत्रकांना फोन लावला. फोन वाजत राहिला.

"सर, तुम्ही निदान प्रश्न वाचून दाखवा. तोवर मी विचार तरी करते."

"नाही गं पोरी. पर्यवेक्षकाने वाचायचं नाही, असं छापलंय. माझी दोन महिन्यांत निवृत्ती आहे."

"मग शिपायाला तरी पाठवा."

"सगळे शिपाई तिकडे खुर्च्या मांडायला गेलेत. मला तुला एकटं सोडून जाता येत नाही. आणि तू बाहेर गेलीस तर परत आत घेता येणार नाही."

सर वाईट नव्हते. हे तिला कळत होतं. पण भित्र्या माणसाचा चांगुलपणा काय चाटायचा आहे?

तेवढ्यात कर्ण्यावर तिचा उल्लेख झाला.

आधी चिमणीचं नाव आलं. वर्षातली सर्वोत्तम सेवाभावी विद्यार्थिनी. मग सप्ताह भरवणाऱ्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "आता त्या दृष्टिहीन विद्यार्थिनीने पाठवलेलं पत्र मी वाचून दाखवते." पत्र खरोखर वकीलबाईचंच होतं. चिमणीचं कौतुक व्हावं म्हणून महिन्यापूर्वी तिने खोलीतल्या मैत्रिणीला सांगून ते लिहून घेतलं होतं आणि चिमणीला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. 'तिच्या हातांनी मी लिहिते. ती शेजारी असली की परीक्षेच्या खोलीत मला एकटं वाटत नाही.' टाळ्यांचा कडकडाट झाला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"आज पेपर असल्यामुळे ती स्वतः इथे येऊ शकलेली नाही," बाई पुढे म्हणाल्या, "पण आपल्या सगळ्यांच्या शुभेच्छा तिच्या पाठीशी आहेत. मी परीक्षा नियंत्रकांना विनंती करते, त्यांनी हे प्रमाणपत्र द्यावं."

पेपर आहे हे त्यांना ठाऊक होतं. नियंत्रक तिथेच होते. लेखनिक इथे तर पेपर लिहिणार कोण, हा हिशोब करणारी एवढ्या मोठ्या मैदानात एकटी चिमणी, आणि ती अठरा वर्षांची.

सर खिडकीशी गेले आणि परत आले. साडेदहाची घंटा झाली. आता नियमाने दार बंद.

चिमणी आली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वरातीमागून घोडं. धावत आली होती, श्वास पुरत नव्हता, हातातल्या गुच्छाचा कागद चुरचुरत होता.

"ताई, बाई मला म्हणाल्या, तुझं नाव पहिलंच आहे, पावणेदहाला सोडते. मग पाहुणेच उशिरा आले. बक्षीस झाल्यावरही फोटोसाठी थांबवलं. मी दोनदा उठले गं, पण पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाई म्हणाल्या, नियंत्रक इथेच बसलेत, ते वाढवून देतील वेळ, तू कशाला घाबरतेस! सर, आत येऊ द्या ना. मी पटापट लिहीन."

सरांनी पुन्हा फोन लावला. या वेळी नियंत्रकांनी उचलला. ते पाहुण्यांबरोबर जेवायला निघाले होते. त्यांचं बोलणं बाहेरपर्यंत ऐकू आलं. नियम म्हणजे नियम, एकाला सोडलं तर उद्या दहा येतील. लेखी अर्ज द्या, पुढच्या बैठकीत बघू.

चिमणी दारातच खाली बसून रडू लागली. तिला जवळ घ्यावं असं वकीलबाईला वाटलं, आणि त्याच क्षणी तिच्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं. दोन्ही खरं होतं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"ऐक," सर हलक्या आवाजात म्हणाले. "मी तुला गैरहजर दाखवतो. म्हणजे प्रयत्न मोजला जाणार नाही, गुणपत्रिकेवर नापास लागणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बस. हजर दाखवलं आणि पेपर कोरा गेला, तर शून्य पडेल. कायमचा डाग लागेल."

"आणि मी तक्रार केली तर?"

सरांनी हजेरीचा कागद टेबलावर सरकवला. "गैरहजर असलीस तर तक्रार कसली? तू आलीच नव्हतीस, एवढंच म्हणतील."

सहा महिन्यांनी ती शाळा उरणार नव्हती. तेवढं गेलंच होतं. आता प्रश्न होता तो फक्त उरलेल्या अब्रूचा.

"मी गैरहजर?" तिचा आवाज चढला. "अहो सर, आज इथे वेळेवर आलेली मी एकटीच आहे. हजर लिहा. कुठे सही करायची, बोट ठेवा."

सरांनी तिचं बोट धरून रकान्यावर ठेवलं. तिने सही केली. मग दोन वाजेपर्यंत, पेपरची शेवटची घंटा होईपर्यंत, ती कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर बसून राहिली. चिमणी दाराबाहेर बसून होती. निघताना चिमणीने हात पुढे केला असावा, पण वकीलबाईने काठी उघडली आणि भिंतीच्या कडेने एकटीच बाहेर पडली.

फाटकापाशी फोन वाजला. बाबा होते. मागे दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"अगं, कार्यक्रम फोनवर दाखवला! तुझं पत्र वाचलं त्या बाईंनी. मी सगळ्यांना ऐकवलं. काय टाळ्या पडल्या, बापरे! माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं." मग आवाज जरा खाली आला. "आणि पेपर कसा गेला गं?"

खोटं बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाबांशी ती आजवर भांडली होती, खोटं कधी बोलली नव्हती.

"बाबा, पेपर लिहिलाच नाही. लिहिणारीला त्यांनी बक्षीस घ्यायला नेलं होतं. मी चार तास कोरा कागद घेऊन बसले."

दुकानातलं कुणीतरी हसत होतं, त्याला बाबांनी गप्प केलं.

"मग त्या टाळ्या," त्यांनी विचारलं, "कशाच्या होत्या गं?"