न मोडलेलं दार

"पोट आत घे," टेलरमास्तर टेप ओढत म्हणाले. "चोर हसतील."

"हसू देत की. हसणाऱ्याला पळता येत नाही," चावीकाका म्हणाला. पण पोट आत घेतलं.

चावीकाका म्हणजे गल्लीचा कुलपं-किल्ल्यांचा माणूस. नवा कायदा आला होता, की आपला धंदा सांभाळून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी साध्या माणसालाही पोलीस होता येईल. हौसेचं काम, पण वर्दी खरी, बिल्ला खरा, आणि माणूस धरायचा अधिकारही खराच. चौकीचे साहेब स्वतः येऊन काकाच्या डुगडुगत्या स्टुलावर बसले होते. म्हणाले, "तुम्हाला सगळे ओळखतात. तुम्ही दिसलात की लोकांना धीर येईल." काका तिथंच विरघळला. वर्दी आली ती मात्र कुणा आडदांड गड्याच्या मापाची, म्हणून मास्तरांकडे आला होता.

मास्तरांची थोरली कोपऱ्यात बसून काजं करत होती. दवाखान्यात नर्स होती, सुट्टीच्या दिवशी बापाला हातभार लावायची.

"काका, परवा बाजारात मी या कायद्याविरुद्ध बोलले. ऐकलंत ना?"

"ऐकलं की. आवाज खणखणीत आहे तुझा. भाजीवाल्या गप्प झाल्या."

"चेष्टा नको. शेजाऱ्याच्या हातात बेडी दिली की शेजार संपला."

"अगं, मी कुणाला धरणार? जिना चढताना मलाच धरावं लागतं. चौकात उभा राहीन, गाड्यांना वाट करून देईन."

तिनं दातानं दोरा तोडला आणि दुसरं काज घेतलं.

काकाचा एक नेम होता. घरचं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा एका वकिलाला त्यानं स्वतःच्याच घराबाहेर ताटकळत ठेवलं होतं. वकीलसाहेब गल्लीत नवे, काका त्यांना ओळखत नव्हता. त्यांची बायको बाजारातून येऊन "हो, हे आमचेच" म्हणाली, तेव्हा कुठं तार कुलपात गेली. या नेमावरच गल्ली निवांत झोपायची. सगळी दारं उघडता येणारा माणूस गल्लीत होता आणि कुणाला त्याचं भय नव्हतं.

एका संध्याकाळी चौकीची गाडी काकाला घेऊन निघाली. साहेब पुढे, मागे दोन शिपाई, एकाच्या पायाशी पहार. गाडी वळली ती काकाच्याच गल्लीत, आणि थांबली मास्तरांच्या दुकानासमोर. दुकान बंद होतं, मास्तर गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेले होते. वरच्या खोलीत दिवा होता.

"मुलगी वर आहे," साहेब म्हणाले. "दार काही ती उघडायची नाही. मोडावं लागेल."

काका जिना चढला. दार ओळखीचं. रंग मास्तरांनी स्वतः दिलेला, कुलूप काकानं बसवलेलं. शिपायानं पहार फटीला लावली तसा काकानं त्याचा हात धरला.

"मोडू नका, साहेब. मी उघडतो."

"म्हणून तर तुम्हाला आणलंय," साहेब हळूच म्हणाले.

काकानं सवयीनं शेजारी पाहिलं. घरचं कुणी नव्हतं. साहेब होते. मग बोटं आपली चालत राहिली. त्या कुलपाला तेलही त्यानंच घातलेलं. खट्ट म्हणून झालं नाही.

आत ती दवाखान्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती, पाठ दाराकडे. वळली, तेव्हा तिला पहिला काकाच दिसला.

"काका?" ती म्हणाली. एवढंच.

"थोडी चौकशी आहे," साहेब म्हणाले. "दोन तासांत सोडतो."

इस्त्री तशीच तापत राहिली होती. काकानं बटण बंद केलं.

सकाळी मास्तर काकाच्या दुकानात आले. ओरडले नाहीत.

"आली का?" काकानं विचारलं.

"नाही." मास्तरांनी हाताशी आलेलं एक कुलूप उचललं, उगाच फिरवून पाहिलं. "दार शाबूत आहे."

"मी म्हटलं, निदान दार तरी..."

"मोडलं असतं तर आवाज झाला असता. मागचा जिना होता. पोरीला दोन मिनिटं मिळाली असती."

कुलूप जागच्या जागी ठेवून ते गेले. आठवडा गेला तरी मुलगी आली नाही.

काका पाळीच्या दिवशी चौकीवर गेला आणि तिची चौकशी केली.

"तुम्ही संध्याकाळपुरते," साहेब म्हणाले. "हे पूर्णवेळ माणसांचं काम."

"मग ही वर्दी परत घ्या."

साहेब हसले. "वर्दी चढवायची सोय कायद्यात आहे, उतरवायची अजून नाही. आज घरी जा. परवा मात्र वेळेवर या. तुमच्याच गल्लीत काम आहे. हत्यारं घेऊन या."

काका दिवेलागणीला गल्लीत शिरला. कुणी कुलूप बदललेलं नव्हतं. कुठलंही कुलूप त्याच्यापुढे टिकायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याची चाहूल लागली तशी दारं लोटली गेली, आणि प्रत्येक दारामागून एक आवाज आला. पत्र्याचा, पितळेचा. डब्यावर डबा, पातेल्यावर झाकण. काकाला आधी उमगेना. मग उमगलं, आणि तो भराभर चालू लागला.

घरी पोचला. स्वतःच्या किल्लीनं स्वतःचं दार नेहमीसारखं अलगद ढकललं. आत भांडी धडाधड कोसळली.

बायको आतल्या खोलीत उभी होती. एक हात मागच्या दाराच्या कडीवर.

"मी आहे गं," तो म्हणाला.

तिनं वर्दीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सगळेच दारामागं भांडी रचतात आता," ती म्हणाली. कडीवरचा हात लगेच निघाला नाही.

काकानं दार लावलं. गुडघे धरत खाली बसला, घरंगळलेली भांडी एकेक करून गोळा केली. मोठं पातेलं खाली, त्यावर डबा, त्यावर तांब्या. आणि सगळ्यात वर झाकण ठेवलं, जरासं कडेला, दाराला नुसता हात लागला तरी पडेल असं.