एका जागी तीन विमानतळ

बोलायचं तर मला केव्हापासूनच होतं. पण ज्याला सगळे कायम मुठीत धरून बसतात, त्यानं तोंड उघडायचं कधी? आज दुपारी मूठ यायला जरा वेळ आहे, तेवढ्यात सांगून घेतो.

मी दांडा आहे. घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा दांडा. दुकानात मला जॉयस्टिक म्हणतात. मला आपलं दांडाच बरं वाटतं. त्यात वजन आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. आम्ही भावंडं सरकत्या पट्ट्यावरून रांगेनं तपासणीला जात होतो. तपासणाऱ्या बाईंना नेमकी माझ्याच वेळी जांभई आली आणि माझ्या अंगातली एक बारीक खोड तशीच खोक्यात बंद झाली. हात सोडला की मी ताठ उभा राहतो, पण मनातून किंचित डावीकडे असतो. मग विमानही डावीकडे झुकतं. हे वाकडेपण डोळ्यांना दिसत नाही, मनगटाला कळतं.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात पाडून त्यांचं समाधान होत नसे, म्हणून संध्याकाळी ते शत्रूची विमानं पाडायला बसत. माझ्या ओढीमुळे त्यांच्या गोळ्या शत्रूला सोडून शेजारच्या ढगाला लागायच्या. महिन्याभरात त्यांनी मला जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचवलं. तिथे एका कान तुटलेल्या हेडफोनशेजारी मी बराच काळ पडून होतो. त्यालाही डावीकडूनच ऐकू येई, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

तिथून मला आमच्या स्टोअरकीपरांनी उचललं.

हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्याच्या गोदामातून निवृत्त झालेले. आयुष्यभर व्हॉल्व्ह, नळ आणि वायसर सांभाळले. गोदामात त्यांचा एकच नियम होता : नवा भाग नीट चालतोय अशी खात्री पटल्याशिवाय जुना टाकायचा नाही. आणि खात्री ही अशी वस्तू आहे, की ती त्यांच्या गोदामात कधी आलीच नाही. घरीही तेच. माळ्यावर तीन मिक्सर, दोन इस्त्र्या, एक मुकं घड्याळ आणि एक जाडजूड जुना मॉनिटर. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली : ‘चालू शकेल’.

त्यांच्या पत्नी परिचारिका होत्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, आणि गंमत म्हणजे नवराही. ऐन तारुण्यात यांच्या पायावर व्हॉल्व्ह पडला होता, तेव्हा वॉर्डात ओळख झाली. पाय बरा झाला, लग्न झालं, हाक तीच राहिली. नवीन भाडेकरूंना पहिला आठवडाभर ते नातं उलगडत नाही.

अशा घरात मी सुखात होतो. स्टोअरकीपर दुपारी चहा घेऊन बसत आणि आम्ही कुठून तरी उडून कुठे तरी उतरत असू. माझी खोड त्यांच्या लगेच लक्षात आली होती. पण टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी आपलंच मनगट जरासं उजवीकडे वळवून घेतलं. संसारात याहून वेगळं काय करतात?

एके दिवशी लेकीचा फोन आला. लेक राहते एका बेटावर. जावई तिथल्या बंदरात नोकरीला. तिचे दिवस भरत आले होते आणि आईबापांची विमानाची तिकिटं तिनं परस्पर काढून पाठवली होती. येत्या रविवारची.

‘‘मी विमानात बसणार नाही,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘आई, अगं आयुष्यभर लोकांना सुया टोचल्यास, आणि विमानाला घाबरतेस?’’

‘‘सुई जमिनीवर असते.’’

‘‘मग बोटीनं ये. पोचशील तोवर बाळ चालायला लागलेलं असेल.’’

बोट सिस्टरना लागायची. एकदाच गेल्या होत्या, तर परतताना खलाशी त्यांना ‘बादलीवाल्या बाई’ म्हणून ओळखत होते. तेव्हा विमान नाही तर काही नाही. लेकीच्या बाळंतपणाला आई नाही, ही गोष्ट घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पण दोघं जेवताना भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त यायला लागला.

शेवटी सिस्टरनीच तोडगा काढला. ‘‘एवढे रोज उडता ना? मग मला त्या बेटावर तुमच्या खेळात एकदा सुखरूप उतरवून दाखवा. उतरले, तर रविवारी येते. नाही उतरले, तर तुम्ही एकटे जा.’’

‘‘एवढंच ना?’’ स्टोअरकीपर म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. ती टपली मला अजून आठवते. विश्वासाची होती.

आता अडचण अशी, की आमच्या सिम्युलेटरमध्ये ते बेट होतं, पण विमानतळ म्हणजे समुद्राकाठी ओढलेली एक करडी रेघ. इमारत नाही, मनोरा नाही, काही नाही. ‘‘इथे उतरवलं तर सिस्टर म्हणेल, हा रस्ता आहे,’’ असं पुटपुटत स्टोअरकीपरांनी इंटरनेटवर शोध चालवला. हौशी लोक असले विमानतळ घरी बसून बनवतात आणि फुकट वाटतात. माणसं घरातला गळका नळ बदलत नाहीत, पण न पाहिलेल्या गावाचा विमानतळ विटेविटेनं बांधतात, हे मला मोठं लोभस वाटतं.

पहिला विमानतळ डाउनलोड करून घेतला. सुंदर होता, फक्त जमिनीला टेकलेला नव्हता. भिंतीवरच्या फळीसारखा हवेत लटकत होता आणि खालून गाई जात होत्या. दुसरा आणला. तो खड्ड्यात गेलेला. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गवताच्या भिंती, जणू विमानं नांगरून पेरायची आहेत. मग तिसरा आणला. तो समोरून तरी एकदम झकास, जमिनीबरोबर, बाकांसकट.

मग विमान. तिकिटावर होतं तसलंच दोन पंख्यांचं विमान हवं, हा स्टोअरकीपरांचा आग्रह. तेही आणलं. निघालं पांढरंफटक, दुधात बुडवून काढल्यासारखं. आत पाहावं तर घड्याळांच्या जागी नुसती भोकं. स्टोअरकीपरांनी विमानवेड्यांच्या एका गटात गाऱ्हाणं मांडलं. तिथे ‘घार’ या टोपणनावाचा कोणी एक आहे. बोलणं घारीसारखंच, झडप घालून नाहीसं होणारं. त्यानं लिहिलं : ‘‘काका, फोल्डरच्या आत फोल्डर गेलाय. आतला बाहेर काढा.’’ डब्यात डबा ठेवायची यांची जन्माची सवय, ती इथे नडली. डबा बाहेर काढल्याबरोबर विमानाला रंग आला, भोकांत घड्याळं आली, काटे हलले. स्टोअरकीपर खुर्चीतल्या खुर्चीत नाचले, आणि त्यांच्या मुठीत मीही.

सिस्टरसाठी खास सोय केली. माळ्यावरचा तो जाडजूड मॉनिटर खाली आला, चिठ्ठीला जागून चालूही झाला, आणि त्यांच्या खुर्चीच्या उजवीकडे खिडकी म्हणून बसला. पायलटला समोरचं दिसणार, प्रवाशाला बाजूचं. सिस्टर बाहेर जायची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन आल्या. पट्टा म्हणून स्टोअरकीपरांचाच चामडी पट्टा खुर्चीला बांधला. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

उड्डाण छान झालं. समुद्र छान झाला. बेट दिसलं. आम्ही अलगद खाली आलो, चाकं टेकली, आणि विमान चेंडूसारखं उसळलं! पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं, मग गिरकी घेऊन थेट बाकांवर जाऊन पडलं. पडद्यावर ठळक अक्षरं आली : विमान कोसळले.

सिस्टरनी डोळे उघडले. ‘‘मी मेले?’’

‘‘म्हणजे... नियमाप्रमाणे, हो.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मीही.’’

‘‘मग चहा कोण टाकणार आता?’’ असं म्हणून त्या पट्टा सोडून आत गेल्या.

दोष कोणावर यायचा? अर्थात माझ्यावर. स्टोअरकीपरांनी मला उलटा करून स्क्रू काढले, आत शिवणयंत्राचं तेल सोडलं. मी दोन दिवस घसरत होतो. विमान मात्र उसळतच राहिलं. शुक्रवारी त्यांनी दुकानातून ‘पसंत पडला तर ठेवा’ या बोलीवर नवाकोरा दांडा आणला, आणि मी चिठ्ठी बांधून माळ्यावर गेलो. मुक्या घड्याळानं मला जागा करून दिली. तिथून खोली सगळी दिसत होती. पण आपल्या जागेवर दुसरा बसलेला पाहणं म्हणजे काय, ते निवृत्त माणसांना विचारा.

शनिवारी दुसरी परीक्षा. नवा दांडा, नवं बळ. या वेळी सिस्टरनी एक डोळा उघडा ठेवला होता. विमान खाली आलं, टेकलं... आणि पहिल्यापेक्षाही उंच उसळलं! मी माळ्यावर अक्षरशः हसलो. इस्त्रीनं मला कोपरखळी मारली. माझी निर्दोष सुटका झाली होती.

खाली मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. विमान पाण्यात उलटं पडलेलं होतं.

‘‘राहू दे,’’ सिस्टर हळूच म्हणाल्या. ‘‘तुम्ही जा उद्या. तिला म्हणावं, आई...’’ त्यांना पुढचं जमलं नाही. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘तिथे मनोरे तीन आहेत का हो?’’

‘‘एक आहे.’’

‘‘मला माझ्या खिडकीतून तीन दिसले. एकाच्या पोटातून दुसरा निघालाय, आणि तिसऱ्याचं नुसतं टाळकं जमिनीतून वर आलंय.’’

स्टोअरकीपर उठून त्यांच्या खिडकीत डोकावले.

‘‘पहिला लटकत होता, म्हणून दुसरा आणलात. तो खड्ड्यात होता, म्हणून तिसरा. बरोबर? मग आधीचे दोन काढलेत कुठे?’’

‘‘काढले नाहीत.’’

‘‘का?’’

‘‘तिसरा बिघडला असता तर?’’

सिस्टरना हसू फुटलं. पर्स खाली पडली, पट्टा कचकचला, त्या हसतच होत्या. ‘‘जादा विमानतळ ठेवलात! वेळेला असावा म्हणून! अहो, एकाच गावात, एकावर एक!’’ मग स्टोअरकीपरही हसायला लागले. एक धावपट्टी वर, एक खाली, एक मधे. चाकांनी तरी कुठली खरी मानायची? बिचारं विमान टेकल्या टेकल्या दचकत होतं.

कारण सापडलं, पण काढायचं कोणी? स्टोअरकीपरांचं बोट डिलीटच्या बटणावर जाऊन थांबलं. सिस्टरनी त्यांचा दंड धरला, वॉर्डात धरत तसा. ‘‘लांब श्वास घ्या. तिकडे बघा, खिडकीकडे. काही दुखणार नाही.’’ आणि त्यांच्याच बोटानं बटण दाबलं. एकदा. पुन्हा एकदा.

‘‘झालं?’’

‘‘आता कचरापेटीत आहेत,’’ स्टोअरकीपर आशेनं म्हणाले.

‘‘तीही रिकामी करा.’’

मग स्टोअरकीपरांनी माळ्याकडे पाहिलं. ‘‘हा नवा फार सरळ आहे, हाताला बसत नाही,’’ म्हणाले आणि मला खाली काढलं. मुक्या घड्याळाचा निरोपही घ्यायला मिळाला नाही.

तिसरं उड्डाण. बेट दिसलं. आणि मला जाणवलं, की मुठीला घाम फुटलाय. मूठ मला इतकी आवळत होती की माझी बटणं दुखायला लागली. विमान डावीकडे कलायला लागलं आणि नेहमीचं ते मनगट वळेचना.

सिस्टरनी सवयीनं त्यांची नाडी धरली. ‘‘अहो, केवढी पळतेय! आणि खुर्ची तर जमिनीवर आहे.’’

‘‘सिस्टर,’’ समोरून नजर न काढता ते म्हणाले, ‘‘उद्या खरं असणार. मी तरी कुठे बसलोय कधी विमानात?’’

म्हणजे रोज आकाशात हिंडणारा हा माणूस स्वतः घाबरला होता, आणि बायकोच्या परीक्षेच्या आडून आपलाच धीर गोळा करत होता! मी त्यांच्या मुठीत राहत होतो, तरी मला पत्ता नव्हता.

‘‘आधी सांगायचं होतं,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘घाबरलेले पेशंट मला जास्त आवडतात. सरका.’’ आणि त्यांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. दोन मुठी माझ्यावर! सुया टोचून तयार झालेला तो हात. त्यानं मला उजवीकडे असं दामटलं, की माझी जन्माची खोड जागच्या जागी विरली. चाकं टेकली. टेकलेलीच राहिली. विमान धावलं, मंदावलं, एकुलत्या एका मनोऱ्यासमोर येऊन थांबलं.

‘‘उतरलो?’’

‘‘उतरलो!’’

‘‘बॅग भरायचीय अजून,’’ असं म्हणून त्या उठल्या आणि पट्ट्यासकट खुर्ची ओढत दारापर्यंत गेल्या.

रविवारी घर रिकामं झालं. माझ्यावर नॅपकिन टाकलेला होता. पुढचे दोन महिने मी त्याच्याखाली काय काय कल्पिलं, ते सांगत नाही. परत आल्यावर सगळं कानावर आलं. स्टोअरकीपरांनी प्रवासभर डोळे मिटून घेतले होते. सिस्टर खिडकीशी बसून त्यांना ढग, समुद्र, पंखा असं एकेक सांगत होत्या. विमान बेटावर उतरायला लागलं तेव्हा त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या : ‘‘एकच आहे हो! मनोरा एकच आहे!’’ आणि तेव्हा कुठे यांनी डोळे उघडले. नात तिसऱ्या दिवशी झाली. आजीच्या हातात.

आता माझी स्थिती ऐका. हल्ली दुपारी मला सिस्टर चालवतात आणि स्टोअरकीपर मागे पर्स मांडीवर घेऊन बसतात. त्यांना टाकून देण्याचा नवा छंद जडलाय. माळा निम्मा मोकळा झाला, दोन मिक्सर गेले, काल मुकं घड्याळ गेलं. त्यांची नजर परवा माझ्यावरही येऊन थांबली होती. ‘‘हा डावीकडे ओढतो,’’ ते म्हणाले.

‘‘ओढू दे,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘तुम्हीही ओढता.’’

वाचकहो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर फेकण्याआधी एकदा मनगट किंचित वळवून बघा, एवढंच मागणं आहे. बरं, येतो आता. सिस्टर आल्या, पदर खोचलाय, आणि मागे बघून विचारतायत, ‘‘पट्टा लावला का हो?’’